तिसरा गैरहजर

पंडिता रमाबाईंवर लिहायला बसलेल्या माणसाला त्रैक्य टाळता येत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर, ज्यांच्या आश्रयाला त्या राहत होत्या त्याच लोकांशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. वादाचा एक मोठा विषय हाच होता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे, तिघेही देव, आणि तरी देव एकच, हे मानायचं कसं? एका बाजूला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन, दुसऱ्या बाजूला रमाबाई आणि मधे समजूत घालायला चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील. अ. भि. शहांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपानं आला. मी इतिहासाचा मास्तर. या पत्रांवर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. तो बरा गाजला, त्याच्या जोरावर व्याख्यानांची आमंत्रणंही आली. लेखातल्या रमाबाईंच्या तारखा सगळ्या बरोबर होत्या. बाकीचा बराचसा चुकलेला होता.

मला रमाबाई बुद्धिवादी हव्या होत्या. भटजींचं जू मानेवरून काढून टाकलेली बाई पाद्र्यांचं जू घेणार नाही, हे चित्र मला फार आवडलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ते उठून दिसावं म्हणून समोरच्या बाजूचं म्हणणं हास्यास्पद दिसणं भाग होतं. मग मी त्रैक्य एका परिच्छेदात उरकलं. एक अधिक एक अधिक एक बरोबर एक, असा विनोद केला. व्याख्यानात त्याला हमखास हशा मिळायचा. मग मोठ्या मनाचा आव आणून, ख्रिस्ती लोकांना काय म्हणायचं असावं ते मीच सोपं करून सांगितलं. पाणी, बर्फ आणि वाफ, तशी एकाच देवाची तीन रूपं. नाहीतर आपला दत्त घ्या, तीन शिरं, देव एक. शेवटी इतिहासाचा मास्तर म्हणून निकाल दिला: चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहानं परिषद भरवली, मतदान झालं आणि थोडक्या मतांनी येशू देव ठरला.

नगरकडच्या एका निवृत्त पाळकसाहेबांनी अंकातली ती पानं कापून मला पोस्टानं पाठवली. सोबत पत्र नाही. समासात शिसपेन्सिलीनं बारीक, सरळ अक्षरात काही शब्द. पाण्याच्या ओळीसमोर ‘सबेल्लियस’. येशू सगळ्यांत थोर, पण देवानं निर्माण केलेला, असं मी जिथं लिहिलं होतं तिथं ‘एरियस’. मतदानाच्या वाक्यासमोर दोन प्रश्नचिन्हं. दत्तासमोर ‘आधी दत्त नीट पाहा’. आणि लेखाच्या शेवटी, माझ्या नावाच्या खाली, ‘पवित्र आत्मा कुठे?’

मला राग आला. ही माणसं अजून लोकांना पाखंडी ठरवत बसली आहेत, असं वाटलं. मी ख्रिस्ती नाही, तेव्हा मला पाखंडी ठरवून त्यांना मिळणार काय? ती पानं मी एका फाइलीत सरकवून दिली. पुढं निवृत्त झाल्यावर टेबल आवरताना ती पुन्हा हाताला लागली आणि निदान ही दोन नावं कुणाची हे तरी बघू, म्हणून वाचायला घेतलं.

सबेल्लियस हा तिसऱ्या शतकात रोममध्ये शिकवणारा माणूस. देव एकच, तो कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो, असं त्याच्या नावानं ओळखलं जाणारं मत. म्हणजे माझं पाणी, बर्फ, वाफ. इ. स. २२० च्या सुमारास रोमच्या बिशपनं त्याला मंडळीबाहेर काढलं. का, तेही समजायला अवघड नाही, फक्त शुभवर्तमान उघडून वाचायला हवं, जे मी केलं नव्हतं. यार्देन नदीत बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि आकाशातून पित्याची वाणी येते आहे, तिन्ही एकाच वेळी. गेथशेमाने बागेत येशू घामाघूम होऊन पित्याची विनवणी करतो. एकच नट तीन सोंगं घेत असेल तर तो विनवणी कुणाची करतो? कार्थेजचा टर्टुलियन हा लॅटिन लेखक याच मताच्या एका माणसाला टोमणा मारतो, की यानं तर प्रत्यक्ष पित्यालाच क्रुसावर चढवलं. माझ्या एका पदार्थविज्ञानवाल्या मित्रानं माझी बाजू सावरायचा प्रयत्न केला: ०.०१ अंश सेल्सिअसला आणि अगदी कमी दाबाखाली पाणी, बर्फ आणि वाफ एकत्र नांदतात. खरं आहे. पण तिथंही थोडं पाणी, थोडा बर्फ आणि थोडी वाफ असते, म्हणजे एकाच गोष्टीचे तीन तुकडे. त्रैक्यात पिता एकतृतीयांश देव नसतो. एका चुकीतून निघून दुसऱ्या चुकीत पडलो, एवढंच.

एरियसकडे मात्र माझा ओढा होता आणि अजूनही थोडा आहे, हे लपवत नाही. हा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. त्याचं म्हणणं सरळ आहे: पुत्र म्हटला की तो पित्याच्या नंतरचा, म्हणजे तो नव्हता अशी एक अवस्था असणारच. तो पहिला, सगळ्यांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. शहाण्या माणसाला पटेल असंच हे आहे. त्यानं आपली मतं गाण्यांत बांधली आणि खलाशी, गिरणीवाले ती गात असत, असं जुन्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला अथनेशियस मी आधी हट्टी सनातनी समजत होतो. पण त्याचा प्रश्न वाचला आणि माझी हुशारी थोडी उतरली. तुम्ही येशूची प्रार्थना करता ना, मग तो निर्मिती असेल तर तुम्ही निर्मितीची पूजा करता आहात. आणि ज्याला स्वतःलाच कुणीतरी निर्माण केलं आहे तो दुसऱ्याला देवापर्यंत कसा पोचवणार? हा भाषेचा कीस काढणाऱ्या पंडिताचा प्रश्न नव्हे. गुडघे टेकणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे.

आता मतदान. ही चूक कबूल करायला सगळ्यांत जड जाते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. बादशहानं मतदान घेऊन येशूला देव केलं, हे मी कुठल्या इतिहासग्रंथात वाचलं होतं? शोधलं, तेव्हा कळलं की ते ‘द दा विंची कोड’ या २००३ सालच्या कादंबरीत आहे. रेल्वेच्या प्रवासात वाचलेली कादंबरी डोक्यात इतिहास होऊन बसली होती, आणि विद्यार्थ्यांना मी साधनांची चिकित्सा शिकवत होतो. नायसियाची परिषद ३२५ साली झाली हे खरं, कॉन्स्टंटाइननं ती बोलावली हेही खरं. पण जमलेल्या दोन-अडीचशेहून जास्त बिशपांपैकी अखेरपर्यंत सही नाकारणारे दोघंच होते. येशूला देव म्हणायचं की नाही असा प्रश्नही तिथं नव्हता. एरियससुद्धा त्याला कसला तरी देव म्हणतच होता. पित्याच्या तोडीचा की खालचा, हा वाद होता. आणि राजवाड्याचं वजन? कॉन्स्टंटाइननं मरणाच्या दारात, ३३७ साली, बाप्तिस्मा घेतला तो एरियसची बाजू घेणाऱ्या बिशपकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघड नायसियाच्या विरोधात होता. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. ३८० च्या सुमारास थिओडोसियस बादशहानं नायसियाचं मत राजाज्ञेनं लादलं, ही गोष्ट आहेच, आणि ती मी झाकणार नाही. पण तोवर पन्नासहून जास्त वर्षं पारडं वर-खाली होत होतं.

त्या वर्षांतलं एक वर्णन मला फार आवडतं. निस्साचा बिशप ग्रेगरी तक्रार करतो, की कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुटे पैसे मागितले तर सराफ पुत्र जन्मला की अजन्मा यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारला तर पिता मोठा आणि पुत्र लहान असं उत्तर मिळतं, आणि हमामखान्यात पाणी तापलं का विचारलं तर पुत्र शून्यातून निर्माण झाला असं ऐकवलं जातं. वारीच्या वाटेवर द्वैत-अद्वैत ऐकलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. बादशहानं वरून लादलेल्या गोष्टीवर पाववाला असा तावातावानं भांडत नाही.

आणखी एक पुरावा मी बी. ए.च्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो, आणि त्याचा या विषयाशी संबंध आहे हे मला दिसलंच नव्हतं. इ. स. ११२ च्या आसपास बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी ट्राजन बादशहाला ख्रिस्ती लोकांबद्दल अहवाल पाठवतो: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती गातात. नायसिया हे शहर याच बिथिनियात. म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी, त्याच मुलखात, लोक येशूची भक्ती करत होते. पौलाची पत्रं तर त्याहूनही जुनी, पहिल्या शतकाच्या मध्यावरची. करिंथकरांना लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आशीर्वादात प्रभू येशू, देव आणि पवित्र आत्मा असे तिघे एकापाठोपाठ येतात, कसलंही स्पष्टीकरण न देता.

माझा सगळा क्रमच उलटा होता. मी धरून चाललो होतो की आधी कुणीतरी तीनात एक असं कोडं रचलं आणि मग लोकांना त्याची पूजा करायला लावली. घडलं ते असं, की देव एकच आहे असं रोज म्हणणारे यहुदी येशूच्या नावानं प्रार्थना करू लागले, आणि त्यांना दोन्हीपैकी काहीच सोडायचं नव्हतं. सोपी उत्तरं पुष्कळ आली. प्रत्येक उत्तरात यातलं काहीतरी सुटत होतं. सबेल्लियसच्या उत्तरात बागेतली प्रार्थना सुटते, एरियसच्या उत्तरात येशूची पूजा करायचा हक्क सुटतो, तीन वेगळे देव मानले तर यहुद्यांचा एक देवच सुटतो. हे सगळे नकार एकत्र केले की जे उरतं ते त्रैक्य. ऑगस्टिननं यावर पंधरा खंडांचा ग्रंथ लिहिला, माणसाच्या मनातली स्मृती, आकलन आणि इच्छा यांचा दाखला दिला, आणि शेवटी तो दाखलाही तोकडा पडतो हे स्वतःच सांगितलं. तीन म्हणजे तीन काय, याला ‘व्यक्ती’ हे उत्तर आपण गप्प बसायला नको म्हणून देतो, असंही तो म्हणतो. माझ्या परिच्छेदाला एवढीही शंका शिवली नव्हती.

दत्ताचं प्रकरण वेगळंच निघालं. त्रिमूर्तीत कामं वाटलेली आहेत: एक निर्माण करतो, एक सांभाळतो, एक संहार करतो. ख्रिस्ती शिकवणीत अशी वाटणी नाही, जे करायचं ते तिघे मिळून करतात. दत्त अत्री-अनसूयेचा मुलगा, त्याचा अवतार, त्याची गुरुपरंपरा, गाणगापूर-नरसोबाची वाडी, हे सगळं स्वतःच्या पायावर उभं आहे. तीन शिरं दिसली म्हणून त्याला दुसऱ्याच्या दारात साक्षीला उभं करणं हा दत्तावरही अन्यायच. त्याहून खजील करणारी गोष्ट म्हणजे मी लेखासोबत घारापुरीच्या ‘त्रिमूर्ती’चा फोटो छापायला दिला होता. ती ब्रह्मा-विष्णू-महेशाची मूर्तीच नाही. तिन्ही मुखं शिवाचीच आहेत, अभ्यासक तिला सदाशिव म्हणतात. म्हणजे न समजलेल्या एका गोष्टीचा अर्थ मी न पाहिलेल्या दुसऱ्या गोष्टीनं लावत होतो. त्रैक्य समजून घ्यायला सच्चिदानंदाच्या वाटेनं जाणारा ब्रह्मबांधव उपाध्याय यांच्यासारखा बंगाली कॅथलिक निदान दोन्हीकडचं वाचून बसला होता. त्यांचं १८९८ चं संस्कृत स्तोत्र वाचल्यावर तुलना करायला किती तयारी लागते ते कळतं.

आपण असे का चुकतो, याचं माझ्यापुरतं उत्तर मला विठ्ठल रामजी शिंद्यांच्या चरित्रात सापडलं. १९०१ ते १९०३ या काळात शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. ते युनिटेरियनांचं कॉलेज, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं. त्याआधी बंगालमध्ये राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूचा उपदेश चमत्कार आणि सिद्धांत बाजूला काढून छापला होता. त्यांच्या सहवासात विल्यम अ‍ॅडम नावाचा बाप्टिस्ट मिशनरीच त्रैक्य सोडून मोकळा झाला. आमच्या सुधारकी घरांत जो येशू आला तो या वाटेनं: डोंगरावरचं प्रवचन देणारा, क्षमाशील, गांधीजींच्या फोटोशेजारी शोभणारा. त्या येशूबद्दल मला आदर आहे. पण ख्रिस्ती माणूस ज्याच्यापुढं गुडघे टेकतो तो हा नव्हे, आणि मी खुशाल याचा दाखला देऊन त्यांना त्यांचाच धर्म समजावत होतो.

अखेर मी पाळकसाहेबांना फोन केला. ते आठवणीनं म्हणाले, “सर, पेन्सिलीनं लिहिलं होतं. तुम्हाला खोडता यावं म्हणून.” मी विचारलं, तुम्हाला तरी हे पूर्ण कळलंय का? “नाही ना. पण काय म्हणायचं नाही, तेवढं कळलंय.” आणि मग, “आत्म्याचं काय झालं? त्रैक्यावर लेख आणि तिसरा गैरहजर!”

यावर माझ्याकडे खरंच काही नव्हतं. पिता आणि पुत्र यांच्यावरून वाद, त्यातच माझी पानं भरली होती. नायसियानंसुद्धा ३२५ साली आत्म्याबद्दल एका ओळीपलीकडे काही म्हटलं नव्हतं. बसिल या बिशपनं पुढं त्यावर ग्रंथ लिहिला आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर तो भाग भरला. पण मला दूर जायची गरज नव्हती. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १९०५ साली तिथं जे घडलं त्याला ख्रिस्ती लोक आत्म्याचं संजीवन म्हणतात. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली मोठमोठ्यानं रडत, पापं कबूल करत, प्रार्थना करत होत्या. काही अनोळखी भाषांत बोलू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या १९०६ च्या घटनेपासून पेंटेकॉस्टल पंथाचा इतिहास सांगणाऱ्यांना केडगावचं नाव घ्यावंच लागतं. आणि या मुलींच्या मधोमध कोण, तर माझ्या बुद्धिवादी रमाबाई.

मी १८८६ ला, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला निघाल्या तिथं, लेख थांबवला होता. तिथं थांबणं सोयीचं होतं. १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्या स्वतःच सांगतात, की इंग्लंडमध्ये त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं जावी लागली. हे वाचून १८८५ ची पत्रं पुन्हा काढली. त्यातली बाई त्रैक्याची थट्टा करत नाही. ती बायबलातला आधार मागते, स्वतःला न पटलेलं तोंडानं म्हणायला नकार देते. अथनेशियसच्या नावावर चालणारा, पण त्यानं न लिहिलेला तो लॅटिन विश्वासांगीकार, जो न मानणाऱ्याला सरळ नरकाची भीती घालतो, तो त्यांच्या गळी उतरला नाही, यात नवल काय? तो माझ्याही उतरत नाही. १५५३ साली जिनिव्हात मायकेल सर्व्हिटसला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळलं, त्याची सफाई कुठल्याही सिद्धांतानं देता येणार नाही. पण रमाबाईंनी प्रश्न विचारला तो उत्तर हवं होतं म्हणून. मी विचारला तो हशा हवा होता म्हणून. दोन्ही प्रश्न मी एकाच रांगेत बसवले होते, आणि त्यात त्यांचा अपमान झाला, पाळकसाहेबांचा नव्हे.

मी आजही ख्रिस्ती नाही आणि त्रैक्य मला पटलं आहे असंही नाही. माझा तो लेख मात्र अजून प्रबंधांच्या तळटीपांत दिसतो. रमाबाईंवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे: पाणी-बर्फ-वाफेचा आणि मतदानाचा भाग माझ्या नावानं उद्धृत करू नका, घारापुरीचा फोटो वापरू नका, आणि १८८५ ची पत्रं वाचाल तेव्हा १९०७ ची साक्ष शेजारी उघडी ठेवा.